नेत्रचालन चिकित्सा

पूर्वायुष्यातील आघातकारक अनुभवाची क्लेशदायक स्मृती रुग्णास मनासमोर आणावयास सांगून त्याच वेळी त्याच्या डोळ्यांची डावी-उजवीकडे लयबद्ध हालचाल घडवून आणणारी एक मानसोपचारपद्धती. ‘नेत्रचालनाद्वारे विसंवेदनीकरण व पुनःसंस्करण’ असे तिचे पूर्ण नाव असून ‘ईएमडीआर’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ती सर्वत्र ओळखली जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रॅन्सीन शपीरो (१९४८–२०१९) यांनी ती विकसित केली. आघातोत्तर ताण-विकृती या मनोविकारावर तिचा प्रामुख्याने उपयोग केला जातो. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीचे स्वरूप व तिच्याविषयीचे मतभेद यांचा परामर्श घेतला असून, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जेथे मानसिक आघाताचा प्रश्न विशेष तीव्र झाला आहे, त्या अमरावती व अकोला या वऱ्हाडातील जिल्ह्यांच्या संदर्भात तिची उपयुक्तता आणि मर्यादा यांचाही विचार केला आहे.

आघात व स्मृती : दुःखद प्रसंगाची आठवण राहणे स्वाभाविक आहे. कालांतराने अशा आठवणीची धार बोथट होते. प्रसंग विसरला जात नाही, परंतु तो ‘होऊन गेला’ ही जाणीव त्याच्याबरोबर असते. मृत्यू, गंभीर इजा, लैंगिक अत्याचार, भूकंप, अपघात यांसारख्या अतितीव्र अनुभवांनंतर काही व्यक्तींच्या बाबतीत असे घडत नाही. त्यांना तो प्रसंग आठवत नाही, तर तो पुन्हा घडत असल्यासारखा वाटतो. दृश्य, आवाज, वास, छातीतील धडधड हे सर्व मूळ प्रसंगातील तीव्रतेनेच परत येते. दुःस्वप्ने पडणे, प्रसंगाशी निगडित स्थळे व माणसे टाळणे, सतत सावध व दचकलेले राहणे, झोप उडणे, भावना बधिर होणे ही इतर लक्षणे होत. ती एक महिन्याहून अधिक काळ टिकून राहिली व त्यांमुळे दैनंदिन व्यवहारात बाधा येऊ लागली, तर आघातोत्तर ताण-विकृती असे निदान केले जाते. अमेरिकन मनोविकारतज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या वर्गीकरणात या विकृतीचा प्रथम समावेश केला. आघात अनुभवलेल्या सर्वांनाच ती जडते असे नाही. बहुसंख्य माणसे आप्तस्वकीयांच्या आधाराने व काळाच्या ओघात सावरतात. जे सावरू शकत नाहीत, त्यांच्यासाठी उपचारांची आवश्यकता असते.

इतिहास : आघाताच्या स्मृतीवर उपचार करण्याचे प्रयत्न जुने आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर झाने व ऑस्ट्रियन मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी विस्मृत वा दडपलेल्या आठवणींचा मनोविकारांशी असलेला संबंध दाखविला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमारानंतर शरीराने अविकल पण मनाने खचलेल्या सैनिकांमुळे या प्रश्नाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ⇨वर्तनचिकित्सेच्या पुरस्कर्त्यांनी भीतीच्या विषयास क्रमाक्रमाने सामोरे जाऊन भीती क्षीण करण्याची तंत्रे रूढ केली.

शपीरो यांची पद्धती या परंपरेतच पुढे आली. १९८७ मध्ये एका उद्यानात फिरत असताना, मनात त्रासदायक विचार आले की आपले डोळे आपोआप वेगाने इकडून तिकडे फिरतात आणि त्यानंतर त्या विचारांची तीव्रता कमी होते, असे त्यांच्या लक्षात आले. हे निरीक्षण त्यांनी इतर व्यक्तींवर पडताळून पाहिले आणि २२ व्यक्तींवरील आपला पहिला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या वेळी पद्धतीच्या नावात केवळ ‘विसंवेदनीकरण’ हा शब्द होता. उपचारांती रुग्णाची भीती कमी होतेच, शिवाय प्रसंगाचा त्याने लावलेला अर्थही बदलतो, असे आढळून आल्यावर १९९१ मध्ये ‘पुनःसंस्करण’ हा शब्द नावात जोडण्यात आला.

सैद्धांतिक भूमिका : शपीरो यांच्या मते नवे अनुभव पचवून ते जुन्या ज्ञानाशी जोडण्याची एक नैसर्गिक यंत्रणा मनात असते. अतितीव्र आघाताच्या वेळी ही यंत्रणा विस्कळीत होते व तो अनुभव मूळ प्रतिमा, भावना आणि शारीरिक संवेदना यांसह अलग पडून राहतो. उपचाराने त्या अडलेल्या संस्करणास वाट मिळते. ही मांडणी उपचारकास मार्गदर्शक ठरते; परंतु मेंदूतील प्रक्रियांच्या दृष्टीने ती अद्याप सिद्ध झालेली नाही.

डोळ्यांच्या हालचालीचे कार्य काय, यासंबंधी अनेक उपपत्ती मांडल्या गेल्या आहेत. त्यांपैकी प्रयोगांचा सर्वाधिक आधार लाभलेली उपपत्ती कार्यकारी स्मृतीची होय. कोणतीही गोष्ट मनासमोर धरून ठेवण्याची माणसाची क्षमता मर्यादित असते. एखादी आठवण मनात असतानाच नजरेने हलत्या बोटाचा माग काढावयाचा झाल्यास ही मर्यादित क्षमता दोहोंत विभागली जाते; परिणामी आठवणीतील चित्र फिकट व कमी भावनोत्कट होते आणि त्या सौम्य रूपातच ते पुन्हा स्मृतीत साठविले जाते. आठवण मनात असताना आकडे उलट मोजणे वा आकृती रेखाटणे यांसारखी अवधान गुंतविणारी अन्य कामे केली, तरी प्रयोगांत असाच परिणाम आढळतो. म्हणजे या उपपत्तीनुसार डोळ्यांत स्वतंत्र असे काही सामर्थ्य नाही. अवधानाची विभागणी हे खरे कारण होय. झोपेच्या ज्या अवस्थेत डोळे जलद हलतात व स्वप्ने पडतात, तिच्याशी या हालचालीचे साम्य असावे असे दुसरी उपपत्ती मानते. अनपेक्षित उद्दीपकाकडे लक्ष वळविताना शरीरात जो शिथिलीकरणाचा प्रतिसाद उत्पन्न होतो, तो येथे उपयोगी पडतो, असे तिसरी सांगते.

उपचाराची रीत : उपचाराचे आठ टप्पे मानले जातात : (१) पूर्ववृत्त घेणे व उपचारयोग्य आठवणी निवडणे, (२) रुग्णाची पूर्वतयारी, (३) निवडलेल्या आठवणीचे मूल्यांकन, (४) विसंवेदनीकरण, (५) इष्ट विचार दृढ करणे, (६) शरीरात उरलेल्या ताणाचा शोध, (७) बैठकीचा समारोप, (८) पुढील बैठकीच्या आरंभी पुनर्मूल्यांकन. बैठक सामान्यतः ६० ते ९० मिनिटांची असते.

पूर्वतयारीला या पद्धतीत विशेष महत्त्व आहे. श्वसनाचे व मन स्थिर करण्याचे साधे उपाय रुग्णास आधी शिकविले जातात आणि हात वर करून तो केव्हाही उपचार थांबवू शकतो, हे त्यास स्पष्ट सांगितले जाते. मूल्यांकनात आठवणीतील सर्वांत क्लेशकारक चित्र, त्याच्याशी निगडित स्वतःविषयीचा प्रतिकूल विचार, त्याऐवजी यावासा वाटणारा अनुकूल विचार, भावना आणि शरीरातील ताणाची जागा निश्चित केली जाते. उदा., विष घेतलेल्या पतीस गोठ्यात प्रथम पाहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ते चित्र गोठ्याच्या दाराचे, प्रतिकूल विचार ‘मी लक्ष ठेवावयास हवे होते, दोष माझाच’ असा आणि अनुकूल विचार ‘मला जे शक्य होते ते मी केले’ असा असू शकेल. क्लेशाची तीव्रता ० ते १० या मापनश्रेणीवर, तर अनुकूल विचार कितपत खरा वाटतो हे १ ते ७ या श्रेणीवर रुग्ण स्वतःच सांगतो.

त्यानंतर ते चित्र, विचार व शारीरिक संवेदना मनात ठेवून रुग्ण चिकित्सकाच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांचा नजरेने पाठपुरावा करतो. सुमारे २४ फेऱ्यांचा एक संच झाल्यावर तो थांबतो, दीर्घ श्वास घेतो आणि मनात काय आले ते एक-दोन वाक्यांत सांगतो. जे आले असेल तेथूनच पुढचा संच सुरू होतो. चिकित्सक अर्थ लावीत नाही व उपदेशही करीत नाही. आठवणींची साखळी बहुधा स्वतःहून पुढे सरकते : गोठ्याच्या दारावरून मन दवाखान्याच्या वाटेकडे, तेथून पतीच्या अखेरच्या बोलण्याकडे आणि कधी त्याच्या हयातीतील एखाद्या सुखाच्या दिवसाकडेही जाते. क्लेशाची तीव्रता ० वा १ पर्यंत उतरल्यावर अनुकूल विचार त्या आठवणीशी जोडला जातो. डोळ्यांना त्रास होत असल्यास आलटून पालटून तळहातांवर थोपटणे वा दोन्ही कानांत आळीपाळीने ध्वनी ऐकविणे हे पर्याय वापरतात. मेक्सिकोत १९९७ च्या पॉलीन चक्रीवादळानंतर आपद्‌ग्रस्त मुलांवर उपचार करताना लुसिना आर्तिगास यांनी छातीवर हात फुलपाखराच्या पंखांप्रमाणे ठेवून आपले आपणच आळीपाळीने थोपटण्याची रीत प्रचारात आणली. ती समूहोपचारात उपयोगी ठरली आहे.

घडलेला प्रसंग तपशीलवार सांगण्याची सक्ती नसणे, हे या पद्धतीचे लक्षणीय वैशिष्ट्य होय. दीर्घकाळ चालणारे सामोरे जाण्याचे प्रयोग व घरी करावयाचा लेखी अभ्यास यांचीही तीत आवश्यकता नसते.

परिणामकारकता व वाद : जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, आघातोत्तर ताण-विकृतीवर आघातकेंद्रित बोधात्मक वर्तनचिकित्सेबरोबर नेत्रचालन चिकित्सेचीही शिफारस केली आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१८ मध्ये प्रौढांसाठी सामान्यतः ८ ते १२ बैठकींचा उपचार सुचविला. मात्र युद्धजन्य आघातांच्या बाबतीत ही शिफारस केली नाही. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेची २०१७ ची शिफारस सशर्त स्वरूपाची आहे. या विकृतीवर ही पद्धती उपकारक आहे, हे आता सामान्यतः मान्य झाले आहे. आघातकेंद्रित वर्तनचिकित्सेहून ती सरस आहे असे मात्र निर्विवादपणे दिसून आलेले नाही.

खरा वाद डोळ्यांच्या हालचालीविषयी आहे. या पद्धतीत जे परिणामकारक आहे ते आठवणीस सुरक्षित वातावरणात सामोरे जाणे होय आणि ते वर्तनचिकित्सेस आधीपासूनच ज्ञात होते. नेत्रचालन हा केवळ बाह्य अलंकार आहे, असे टीकाकारांचे प्रतिपादन आहे. २००१ मध्ये डेव्हिडसन व पार्कर यांनी तोवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून, हालचालीसह व हालचालीविना केलेल्या उपचारांत लक्षणीय भेद नसल्याचा निष्कर्ष काढला. याउलट २०१३ मध्ये ली व कुइपर्स यांच्या विश्लेषणात हालचालीचा मध्यम स्वरूपाचा स्वतंत्र परिणाम आढळला. या वादाचे तात्पर्य रुग्णाच्या दृष्टीने असे, की बोट फिरविणे म्हणजेच उपचार असे समजणे चुकीचे होय. पूर्ववृत्त, पूर्वतयारी व समारोप वगळून केवळ डोळे हलविण्याचा प्रयोग निष्फळ, प्रसंगी अपायकारकही ठरू शकतो.

मर्यादा व दक्षता : उपचाराच्या काळात काही दिवस स्वप्ने व आठवणी वाढू शकतात; याची पूर्वकल्पना रुग्णास व घरच्यांस देणे आवश्यक असते. आत्महत्येचा विचार प्रबळ असताना, मद्याच्या अमलाखाली, तीव्र मनोविक्षिप्ततेत वा आत्मभान वारंवार हरपत असताना आठवणींचे संस्करण हाती घेत नाहीत. आधी रुग्णाची सुरक्षितता व स्थिरता साधतात. अपस्मार किंवा नेत्रविकार असल्यास वैद्यकीय सल्ला घेतात. आपत्तीनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून एकाच बैठकीत प्रसंगाचे वर्णन करावयास लावणे हा वेगळा प्रकार असून जागतिक आरोग्य संघटनेने तो त्याज्य ठरविला आहे.

नेत्रचालन चिकित्सा भूतकाळातील आघातावर आहे, ही तिची सर्वांत मूलभूत मर्यादा होय. धोका संपला आहे, परंतु मन ते मानावयास तयार नाही, अशा अवस्थेत ती उपयोगी पडते. धोका अद्याप समोर उभा असेल, तर तेथील भीती ही विकृती नसून परिस्थितीचे यथार्थ भान असते. हा भेद वऱ्हाडच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो.

वऱ्हाडातील संदर्भ : भारतात २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपानंतर या चिकित्सेच्या प्रसारास चालना मिळाली. भूकंपासारखी आपत्ती एकदा येते व सरते. त्यामुळे तेथील आघात या पद्धतीच्या मूळ कल्पनेशी बराचसा जुळतो. वऱ्हाडातील आघाताचे स्वरूप निराळे आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम या जिल्ह्यांतील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असून कापूस, सोयाबीन व तूर ही तेथील प्रमुख पिके होत. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारट असल्याने सिंचनाचा मार्गही मर्यादित आहे. नापिकी, भावातील चढउतार आणि कर्ज यांच्या चक्रात येथे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची मालिका निर्माण झाली. जुलै २००६ मध्ये केंद्र शासनाने या पाच जिल्ह्यांसह वर्धा जिल्ह्यासाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली.

आत्महत्येची चर्चा बहुधा मृताच्या संदर्भात होते. मानसिक आघाताच्या दृष्टीने पाहता, मागे राहिलेली पत्नी, मुले व वृद्ध आईवडील हे या घटनेचे दुसरे बळी असतात. मृत्यू अनेकदा घरात वा शेतात होतो व तो प्रथम पाहणारा घरातलाच कोणी असतो. प्राशन केलेले औषध पिकांवर फवारण्याचेच असल्यास, पुढील हंगामात फवारणी सुरू झाली की तोच वास पुन्हा येतो. ज्या बंडीतून दवाखान्याकडे धाव घेतली, ज्या विहिरीजवळ शोध लागला, त्या सर्व वस्तू रोजच्या वापरातल्या असतात. आघाताची स्थळे टाळणे ही या विकृतीची नेहमीची प्रवृत्ती. परंतु ज्या शेतावर पोट आहे ते टाळणार कसे, हा पेच येथे उभा राहतो. पेरणीचे दिवस, पोळा, वर्षश्राद्ध अशा वेळी लक्षणे उफाळून येणे संभवते.

त्यातच प्रसंग पुनःपुन्हा सांगण्याची सक्ती होते. शासकीय निकषांत बसणाऱ्या आत्महत्येच्या प्रकरणी कुटुंबास १ लाख रुपयांचे साहाय्य देण्याची योजना आहे. त्यासाठी शेतजमीन, कर्ज व परतफेडीचा तगादा यांची कागदपत्रे पाहून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरविले जाते. पोलीस, तलाठी, बँक, चौकशी करणारे अधिकारी आणि वार्ताहर या सर्वांपुढे पत्नीस तीच हकीकत सांगावी लागते. मात्र ती सांगताना तिच्या दुःखापेक्षा सातबाराच्या उताऱ्याला अधिक महत्त्व असते. अशा कथनाने मन हलके होत नाही. प्रकरण अपात्र ठरल्यास मृत्यूचा दोष जणू कुटुंबावरच ठेवल्याची भावना निर्माण होऊ शकते. प्रसंगाचे तपशीलवार वर्णन न मागणारी उपचारपद्धती अशा व्यक्तीस सुसह्य ठरण्याची शक्यता आहे ती याच कारणाने.

तथापि कर्ज, जमिनीवरील नावाची नोंद, मुलांचे शिक्षण आणि सासरचा आसरा हे प्रश्न त्याच स्त्रीपुढे आजही उभे असतात. गोठ्यातील चित्र तिला रात्री झोपू देत नसेल, तर ती भूतकाळाची जखम होय व तेथे चिकित्सेला वाव आहे. उद्या सावकार दारी येईल या भीतीने तिला झोप येत नसेल, तर तेथे नेत्रचालनाचे काम नाही; ते काम कर्जनिवारण, वारसनोंद व उपजीविका यांचे आहे. प्रत्यक्षात या दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात व त्या वेगळ्या करणे हेच उपचारकाचे पहिले कौशल्य होय. वर्तमान प्रश्नास मनोविकार ठरविणे हा जसा अन्याय, तसाच खऱ्या मनोविकारास ‘परिस्थितीच तशी आहे’ म्हणून उपचारावाचून सोडणे हाही अन्यायच.

सेवांची उपलब्धता : मानसिक विकारांनी ग्रस्त असूनही उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण भारतात विकारानुसार सु. ७० ते ९२ टक्के असल्याचे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले. नेत्रचालन चिकित्सेस मानसोपचाराची मूळ पात्रता व त्यावर विशेष प्रशिक्षण लागते. त्यामुळे ती मुख्यतः मोठ्या शहरांपुरती राहिली आहे. ग्रामीण विदर्भात भर देण्यात आला तो अधिक साध्या उपायांवर. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाडा यांतील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ हा शेतकरी समुपदेशन प्रकल्प सुरू केला. अमरावती व अकोला हे जिल्हे त्यात समाविष्ट होते. आशा कार्यकर्तींनी घरोघर जाऊन तणावग्रस्त व्यक्ती हुडकणे आणि त्यांना रुग्णालयाशी जोडून देणे, हे त्याचे सूत्र होते. ‘विश्राम’ या दुसऱ्या उपक्रमात विदर्भातील ३० खेड्यांत गावपातळीवरील कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक व मनोविकारतज्ञ अशी त्रिस्तरीय रचना उभारण्यात आली. नैराश्य असलेल्या व्यक्तींपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालावरून दिसते. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही १४४१६ या क्रमांकावरील दूरध्वनी समुपदेशनसेवा देशभर उपलब्ध झाली.

या रचनांतून नैराश्य व आत्महत्येचे विचार यांचा शोध घेतला जातो. आघाताच्या स्मृतींविषयी मात्र स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक असते, कारण रुग्ण त्या आपण होऊन सांगत नाही. ‘टेन्शन आहे’, ‘घाबरल्यासारखे होते’, ‘जीव लागत नाही’, ‘डोके भणभणते’ अशा शब्दांत तक्रार मांडली जाते आणि तिच्यावर झोपेच्या गोळीचा उपाय होऊन ती तेथेच थांबते. ‘डोळ्यांपुढे काही पुनःपुन्हा येते काय?’ हा एक प्रश्न आशा कार्यकर्तीच्या विचारणेत असला, तर पुढील उपचारांची दिशा बदलू शकते. अकोला येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना २००२) आणि अमरावती येथील डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळे या भागात तज्ञसेवेचा पाया उपलब्ध आहे. तेथे आघातचिकित्सेत प्रशिक्षित अशी थोडी माणसे असली आणि गावपातळीवरून त्यांच्यापर्यंत रुग्ण पोहोचविण्याची साखळी अखंड राहिली, तर ही पद्धती शहरांपुरती राहण्याचे कारण नाही.

उपचाराने घडलेली घटना पुसली जात नाही व तसा त्याचा हेतूही नसतो. गोठ्याचे दार उघडताना हात न थांबणे, फवारणीच्या दिवसांत शेतावर जाता येणे आणि गेलेल्या माणसाचा अखेरचा दिवसच तेवढा न आठवता त्याचे सारे आयुष्य आठवणे, ही यशस्वी उपचाराची लक्षणे मानता येतील.